गोदीच्या दारापाशी

१

ऑफिसात त्याला सगळे मापाडी म्हणत. ओळखपत्रावर त्याच्या हुद्द्याचं भलंमोठं इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण ते एका दमात म्हणू शकेल असा माणूस कंपनीत अजून भरती व्हायचा होता. काम तसं सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. कंपनी अंतराळातल्या लढाईचा एक गेम बनवत होती. खेळणारा एक यान घेऊन निघतो, मिशनमागून मिशन पार पाडतो, वाटेत त्याला बऱ्या तोफा मिळतात, जाड चिलखत मिळतं, हातही सरावतो. तो असा वर चढत गेला की शत्रूनंही त्याच मापानं चढलं पाहिजे. शत्रू मागे राहिला तर खेळणारा जांभया देतो, फार पुढे गेला तर शिव्या देतो, आणि दोन्हींचा शेवट एकच, की तो खुर्चीतून उठतो. माणूस खुर्चीतून उठला की मिशन फसलं. जांभई आणि शिवी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात त्याला बसवून ठेवायचं, एवढंच मापाड्याचं काम.

मापाडी म्हटला की माप लागतं. ते माप म्हणजे दादा. दादा हा मापाड्याच्या बायकोचा थोरला भाऊ, सडाफटिंग. तो या नवराबायकोकडे राहत होता की ही दोघं त्याच्याकडे राहत होती, हा प्रश्न घरात कोणी काढत नसे, कारण दारावरची पाटी दादाच्या नावाची होती. दादाला मापाड्यानंच कंपनीत आणलं. इतका बेताचा खेळाडू दुसरीकडे मिळणं अशक्य होतं. दादाचा हात हळूही नव्हता आणि चलाखही नव्हता. जगातल्या सगळ्या खेळणाऱ्यांना एका पातेल्यात ढवळून वर जो येईल तो दादा. त्याला जे जमेल ते बहुतेकांना जमणार, त्याला जे जड जाईल ते बहुतेकांना जड जाणार.

नवं मिशन तयार झालं की दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते खेळायचा. दोनतीनदा पडायचा, मग जिंकायचा, मागे रेलायचा आणि म्हणायचा, "चालेल." साहेबांच्या टेबलावर आलेख असत, रंगीत तक्ते असत, पण मिशन मंजूर होई ते या एका शब्दावर. ती ऑफिसची रीतच पडून गेली होती.

दादाची एक सवय होती. तोफ डागण्याआधी तो उजवा तळहात विजारीवर पुसायचा. खस्स. तेवढ्या क्षणापुरता यान चालवायचा दांडा सुटायचा आणि त्याच्या यानाचं नाक डावीकडे किंचित झुकायचं, एखाद्या भिडस्त माणसानं दारातून आत येताना मान झुकवावी तसं. नवख्यांना आधी हसू यायचं. नंतर ते त्याशिवाय दादाला ओळखतच नसत.

गेल्या हिवाळ्यात, एका दुपारी जेवणानंतर, दादा त्याच खुर्चीत गेला. सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. पडद्यावर त्याचं यान तुकडे होऊन तरंगत होतं आणि समोर, हाताच्या अंतरावर, गोदीचं दार उघडं होतं.

२

दादाच्या जागी दोन तरणे खेळाडू आणले, एक चष्मेवाला आणि एक लांब्या. दोघांना मिळूनही दादाची सर येत नव्हती, पण काम रेटत होतं. गेम बाजारात जायला आठवडाच उरलेला असताना साहेबांनी मापाड्याला आत बोलावलं आणि सांगितलं की नवव्या मिशनमध्ये काहीतरी पाणचट झालंय.

नववं मिशन म्हणजे परतीचं मिशन. मोडकंतोडकं मालवाहू यान घेऊन घरच्या गोदीत परतायचं, आणि वाटेत शत्रूची टोळी आडवी येते. टोळीचा एक म्होरक्या असतो, काळ्या यानातला. खरी लढत त्याच्याशी. मापाड्याची त्यात सगळी कारागिरी ओतलेली होती. हा म्होरक्या आकड्यांवर चालत नसे, तो समोरच्याचं खेळणं बघून शिकायचा.

चष्मेवाल्याच्या पाठीशी उभं राहून मापाड्यानं बघितलं. टोळी आली, लढली, पडली. मग म्होरक्या आला. सरळ अंगावर येण्याऐवजी तो मालवाहू यानाच्या अगदी कुशीला लागला, क्षणभर रेंगाळला, आणि एकही गोळी न झाडता निघून गेला. चष्मेवाला आरामात गोदीत शिरला. लांब्याच्या वेळीही तेच. म्होरक्या आला, जवळून बघितलं, गेला.

"रोज असंच करतो," लांब्या म्हणाला. "कोणाला तरी शोधत असल्यासारखा. मी तो नाही म्हटल्यावर जातो."

चष्मेवाला हसला. यानांची चित्रं काढणारी बाई पलीकडच्या टेबलावर होती, ती हसली नाही. तिनं चष्मेवाल्याला तेवढा भाग परत चालवून दाखवायला सांगितलं. म्होरक्या जवळ आला आणि रेंगाळला. जाण्याआधी त्याच्या यानाचं नाक डावीकडे किंचित झुकलं.

"दादा," चित्रकार बाई म्हणाली, आणि आपण मोठ्यानं बोललो हे कळून पुन्हा आपल्या पडद्याकडे वळली.

मापाड्यानं तिला समजावून सांगितलं, खरं तर स्वतःलाच सांगितलं, की यात नवल नाही. म्होरक्या खेळणाऱ्यावरून शिकतो. हे मिशन सगळ्यात जास्त कोण खेळलं? दादा. मग दादाची खोड त्याला लागणारच. पोपट धन्यासारखा खोकतो, म्हणून त्याला कोणी क्षयाची औषधं देत नाही.

स्पष्टीकरण चोख होतं. फक्त पोपट शोधायला कोणाला आला होता, ते त्यात बसत नव्हतं.

साहेबांना असल्या गोष्टींत रस नव्हता. शुक्रवारपर्यंत नववं मिशन ताळ्यावर आलं नाही तर बाहेरून एक जाणकार बोलावून पूर्ण मिशन आतून उघडून बघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मापाडी "हो साहेब" म्हणाला. पण मिशन आतून उघडलं तर त्यात काय सापडेल हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. निदान तेव्हा तरी त्याची तशी समजूत होती.

३

मापाड्याचं लग्न ठरलं त्या दिवशीची गोष्ट. मुलीकडची माणसं आतल्या खोलीत बसली होती आणि हा बाहेर पाण्याचा ग्लास हातात धरून भिंतीकडे बघत होता. आत कोणीतरी विचारलं, मुलगा कसा वाटला? मग दादाचा आवाज आला, "चालेल."

एवढंच. पुढे चहाला, पावसाला, नव्या पडद्यांना, आजारपणाला दादा हाच शब्द लावायचा हे मापाड्याला कळलं. पण जखम आधी झाली होती आणि माहिती नंतर आली. आपण माणूस म्हणून तपासले गेलो आणि काठावर पास झालो, हे तो विसरला नाही. तो त्या घरात राहायला गेला. पाटीखालून रोज आत शिरला. दादा त्याला कधी वाकडा शब्द बोलला नाही, आणि हा दादाचा दुसरा गुन्हा होता. भांडणाऱ्या माणसाचा सूड उगवता येतो. सकाळी आपल्या चपला पुसून ठेवणाऱ्याचं काय करायचं?

ते नवव्या मिशनमध्ये सुचलं. मापाड्यानं म्होरक्याला एक गुपचूप सेटिंग लावलं, फक्त दादाच्या खुर्चीपुरतं. दादा जेवढा सुधारेल तेवढा म्होरक्या सुधारायचा, आणि वर तसूभर जास्त. फार नाही. फार केलं असतं तर दादा उठून गेला असता. म्होरक्यानं दादाला हरवायचं, पण गोदीचं दार दिसल्यावर. जिंकता जिंकता हरवायचं. अर्ध्या वाटेत हरलेला माणूस वैतागतो. दाराशी हरलेला माणूस पुन्हा बसतो. हे मापाड्याइतकं कोणाला कळत होतं!

दादा पुन्हा बसायचा. बाकी कामं आटोपली की तो नवव्याशी बसायचा, मग सुट्टीच्या दिवशीही यायला लागला. तक्रार नाही, शिवी नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "अजून थोडं राहिलं." मापाडी पलीकडच्या टेबलावरून बघायचा. दादाच्या गालावर घाम यायचा. दार दिसायचं, यान फुटायचं, आणि मापाड्याच्या छातीत काहीतरी गोड उतरायचं. नवव्याला दादा "चालेल" म्हणू शकत नव्हता. अख्ख्या जगात एकच गोष्ट अशी होती, आणि ती मापाड्यानं बनवली होती.

दादा गेल्यावर त्यानं सेटिंग बंद केलं. काढून टाकलं नाही. ऐन गेम बाजारात जायच्या बेतात असताना चालतं यंत्र कोणी उसवत नाही, एक टाका काढला की शंभर निघतात. बंद करून ठेवायचं, पुढे सवडीनं काढायचं, अशी या धंद्यातली पद्धत आहे. दुःखात पद्धतच माणसाला सावरते, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला. आणि त्याला दुःखही झालं होतं, थोडंसं.

४

त्यानं म्होरक्याचे आकडे वाढवले. फरक नाही. दुप्पट केले. म्होरक्या आला, लांब्याला बघितलं, गेला. मापाड्यानं चोरून सेटिंग तपासलं. ते बंद होतं. त्यानं ते सुरू करून पुन्हा बंद केलं, जसा आपण नळ नीट बंद आहे ना म्हणून उगाच फिरवून बघतो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर तो दादाच्या खुर्चीत बसला. चाचणीचं यंत्र तिथंच जोडलेलं होतं, दुसरीकडे बसायची सोय नव्हती. खिडकीच्या पट्ट्यांतून दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. खुर्चीची बैठक मधोमध दबलेली होती, आणि त्या खोलग्यात तो इतका बरोबर मावला की त्याला ते आवडलं नाही.

टोळी आली. त्यानं ती सहज निकालात काढली, शेवटी बनवणारा तोच. मग म्होरक्या आला. नेहमीसारखा कुशीला लागला, रेंगाळला. मापाडी त्याच्या जाण्याची वाट बघत होता.

म्होरक्या गेला नाही. त्याचं नाक डावीकडे झुकलं आणि त्यानं गोळी झाडली.

असा लढा मापाड्यानं बनवलेला नव्हता. म्होरक्या त्याला मारत नव्हता, अडवत होता. त्यानं चूक केली की सावरायला वेळ देत होता, सावरला की पुन्हा भिडत होता. गोदीचं दार दिसू लागलं. दाराच्या कडेचे दिवे वेगवेगळे मोजता येतील एवढं जवळ आलं. आणि यान फुटलं.

मापाडी पुन्हा बसला, म्हणजे उठलाच नाही. दुसऱ्यांदा दार आणखी जवळ आलं. तिसऱ्यांदा त्याला वाटलं, आता सापडला. डावीकडून वळसा घेतला की म्होरक्या चुकतो. त्यानं तसा वळसा घेतला, म्होरक्या चुकला, आणि पुढल्या खेपेला चुकला नाही.

मधेच कुठेतरी त्याला तो आवाज ऐकू आला. खस्स. त्यानं कानावरचे हेडफोन काढले. पंख्याची घरघर होती, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. पुन्हा खेळायला लागला, पुन्हा आवाज. खस्स. अगदी जवळून, कापडावर काहीतरी फिरल्यासारखा. खिडकीच्या पट्ट्या भिंतीला घासत असणार. त्यानं पट्ट्यांकडे बघितलं. त्या वर गुंडाळलेल्या होत्या. ऊन कधीच उतरलं होतं, आणि मागे लांब्या आणि चष्मेवाला घरी निघण्याच्या तयारीत बॅगा घेऊन उभे होते.

"आम्ही दोनदा हाक मारली," चष्मेवाला म्हणाला. "सर, तुमच्यावेळी तो लढतो की."

"हो," मापाडी म्हणाला. "अजून थोडं राहिलं."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ओळखीचे वाटले.

५

घरी बायको वाळलेले कपडे घड्या करत बसली होती. दादा गेल्यापासून ती त्याच्याशी नीट वागत होती. इतकी नीट, की त्याला रोज एखाद्या कचेरीत आल्यासारखं वाटायचं. प्रश्नाला उत्तर मिळे, पाणी मिळे, वेळेवर जेवण मिळे. पूर्वी दादाचा गरम डबा घेऊन ती दुपारी ऑफिसला यायची, खुर्चीच्या उजव्या अंगाला ठेवायची आणि जरा वेळ मागे उभी राहून त्याचा खेळ बघायची. दादा गेल्यापासून तिनं त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता.

मापाड्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, दादा घरी कधी नवव्या मिशनबद्दल बोलायचा का?

"बोलायचा ना." तिनं टॉवेल झटकला. "म्हणायचा, ते काळं यान जावईबापू चालवतात."

"काहीतरीच. ते यंत्र आहे."

"ते मला काय कळणार? तो म्हणायचा, पलीकडच्या टेबलावरून माझ्याशी खेळतात. मी हरलो की त्यांच्या चेहऱ्यावर कसा उजेड पडतो. घरात कधी बघितलं नाही त्यांना इतकं खूश."

तिनं टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला, त्यावर हात फिरवला.

"मी म्हटलं, मग उठून का येत नाहीस? तर म्हणाला, कसं उठू? एकदा पोचलो की झालं, मग त्यांच्याही मनातलं जाईल. म्हणाला, तोवर हरवू दे. चालेल."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मापाड्याला विचारायचं नव्हतं, तरी त्यानं विचारलं. "तू काय म्हणालीस?"

"मी थोडीच त्याच्याइतकी भली?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट जरा मऊच झाला. "मी म्हटलं, दादा, आता असं कर. एकदा तू त्यांच्या जागी बस, आणि त्यांना तुझ्या जागी बसव."

मग तिनं ढिगातून त्याची विजार उचलली आणि दिव्याकडे धरली.

"ही बघा, इथं उजव्या मांडीवर कापड झिजून चकाकायला लागलंय. दादाच्या विजारी अशाच व्हायच्या." तिनं दुसरी उचलली. "हिचंही तेच. अहो, सगळ्याच अशा झाल्यात. किती दिवस बसताय तिथं?"

तो एकाच दिवशी बसला होता. आजच. तसं त्यानं सांगितलं. ती हसली नाही, वाद घातला नाही, फक्त घडी घालून विजार त्याच्या बाजूला ठेवली.

६

गुरुवारी मापाड्यानं पद्धत गुंडाळून ठेवली. सेटिंग मुळासकट उपटलं, म्होरक्याचं जे काही शिकलेलं होतं ते पुसलं, आणि एवढ्यानं भागेना म्हणून म्होरक्याला मिशनमधूनच काढून टाकलं. आता परतीच्या वाटेवर फक्त टोळी होती. टोळीला त्यानं चांगली चढवली. लांब्या दोनदा पडला, तिसऱ्यांदा गोदीत शिरला. चष्मेवालाही तसाच. जिथे जांभई यायची तिथे जांभई आली नाही, शिव्या आल्या त्या प्रेमाच्या. म्होरक्या कोणालाच दिसला नाही. दिसणार कसा? तो नव्हताच.

आणि काही उसवलंही नाही. बाहेरच्या जाणकारानं उघडून बघावं असं आत आता काही उरलं नव्हतं. मापाड्याला वाटलं, आपण उगाच घाबरलो. वयाचा परिणाम, बायकोचं बोलणं, रिकाम्या ऑफिसातला पंखा. त्याला भूकही लागली.

शुक्रवारी सकाळी साहेब बाहेर आले. ते म्हणाले की झालं ते छानच झालं, पण आपल्याकडे मिशन मंजूर व्हायची एक रीत आहे, दादांच्या माघारी ती मोडायला नको. दादा घरचेच होते, तेव्हा मापाड्यानंच त्यांच्या खुर्चीत बसून नववं पार करावं आणि तो शब्द म्हणावा. चित्रकार बाई खाली बघत राहिली. मापाड्याला नाही म्हणायला कारण सापडेना. जे कारण होतं ते साहेबांना सांगण्यासारखं नव्हतं.

तो बसला. खोलग्यात बरोबर मावला. सगळे मागे उभे होते. टोळी आली, ती त्यानं उडवली. वाट मोकळी झाली. समोर काळोख, त्यात तारे, आणि दूर गोदीचे दिवे. म्होरक्या आला नाही. दिवे मोठे होत गेले. मागे कोणीतरी टाळी वाजवायला हात उचलले असावेत, कपड्यांची सळसळ झाली. दार उघडायला लागलं.

दाराच्या आतून काळं यान बाहेर आलं.

ते गोदीतून निघालं होतं, घरातून कोणी निघावं तसं. हळूच त्याच्यासमोर येऊन थांबलं. इतकं जवळ, की पुढची काच पूर्ण पडदा भरून दिसली. त्या काचेमागे कोणी असायला नको होतं. चित्रकार बाईनं कधीच कोणाला काढलं नव्हतं, काच नुसती काळी रंगवली होती, हे मापाड्याला पक्कं माहीत होतं. आता तिच्यामागे अंधूक उजेड होता, दुपारच्या खिडकीतून येतो तसा. त्या उजेडात कोणीतरी बसलं होतं. तोंड दिसत नव्हतं. दिसला फक्त एक हात, तो दांड्यावरून निघाला आणि खाली गेला.

खस्स.

आवाज पडद्यातून आला नव्हता. मापाड्यानं खाली बघितलं. त्याचा स्वतःचा उजवा तळहात त्याच्या विजारीवरून, त्या चकाकणाऱ्या जागेवरून, फिरत होता. दांडा सुटला होता. त्याच्या यानाचं नाक डावीकडे झुकलं.

यान फुटलं तेव्हा मागून एक उसासा निघाला. साहेब म्हणाले, हरकत नाही, दादाही पहिल्यांदा पडायचेच, पुन्हा बघा. चष्मेवाला म्हणाला की वाट तर मोकळी होती, सर दारावर कशाला थडकले? चित्रकार बाईनंही पडद्याकडे बघितलं होतं, पण तिला काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही. ती पर्स घेऊन बाहेर गेली.

मापाडी पुन्हा खेळला. पुन्हा दार, पुन्हा काळं यान, पुन्हा तसूभर राहिलं. थोड्या वेळानं मागची माणसं पांगली. साहेब जाताना म्हणाले की असू दे, लांब्या आणि चष्मेवाला पार करतायत तेवढं पुरे, बाहेरच्या माणसाची गरज नाही, मिशन मंजूर. म्हणजे मापाड्याची सुटका झाली होती. ज्याच्यासाठी तो बसला होता ते झालं होतं. आता त्यानं उठायचं होतं, एवढंच.

त्याला हे नीट कळत होतं. या कामात त्याचं आयुष्य गेलं होतं. या वेळी दार मागच्यापेक्षा इंचभर जवळ आलं होतं, आणि ते का आलं हे त्याला कळत होतं. काळ्या यानानं मधे एक फट ठेवली होती, ती कशासाठी ठेवली हेही कळत होतं. इतकं नाजूक माप त्याला स्वतःला कधी जमलं नसतं. जांभईला जागा नव्हती, शिवीला जागा नव्हती. डावीकडून आणखी थोडा मोठा वळसा घेतला असता तर आतापर्यंत तो आत असता.

जिन्यावर पावलं वाजली. ती खुर्चीमागे येऊन थांबली. उजव्या अंगाला कोणीतरी डबा ठेवला. झाकणाला पोचा असलेला, दादाचा. गरम होता, वाफेचा वास आला. मापाड्याला वाटलं, मागे वळावं, म्हणावं, मला हात धरून उठव. पण गोदीचे दिवे जवळ येत होते, आणि वळलं असतं तर दांडा सुटला असता.

"झालंच," तो म्हणाला. "अजून थोडं राहिलं."

मागे उभ्या असलेल्यानं जरा वेळ त्याचा खेळ बघितला. मग त्याच्या डोक्यावरून, अजिबात न चिडता, आवाज आला.

"चालेल."

आवाज बाईचा होता की पुरुषाचा, हे बघायला मापाड्याला सवड नव्हती. दार उघडत होतं. त्यानं घामेजलेला तळहात विजारीवर पुसला.